राजगड, तोरणा, सिंहगड आणि पर्वती : प्रेसच्या सर्व्हरवर पहारा बसवतानाच्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

सकाळी डीटीपीच्या ताईंचा फोन. "एका कव्हरची फाइल माझ्याकडून चुकून ओव्हरराइट झाली रे, बॅकअपमधून काढून दे." पाच मिनिटांचं काम म्हणून चहाचा कप हातात घेऊनच तोरणावर लॉगिन केलं. शेवटचा बॅकअप १८ जूनचा. एकोणीस दिवस बॅकअपच झालेला नाही आणि कोणाला पत्ता नाही. मलाही नाही, म्हणजे मलाच नाही. बाकीच्यांनी बघायचं कारणच काय?

ताईंना सांगितलं, जूनची आवृत्ती मिळेल, पुढचं परत करावं लागेल. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मांडणी लिहून ठेवतो, पुढे लागेल. नारायण पेठेतल्या ऑफिसात राजगड, हा फाइल सर्व्हर. धायरीच्या प्रेसमध्ये तोरणा, हा बॅकअप. तिथेच सिंहगड, छपाईच्या प्लेट काढणाऱ्या विंडोज मशीनला फाइली पुरवणारा. तिन्हींवर डेबियन लिनक्स. नावं काकांनी ठेवली, चार वर्षांपूर्वी.

रात्री कारण सापडलं. तोरणावर डिस्कमध्ये ४०० जीबी मोकळे, तरी कॉपी करताना 'जागा नाही' म्हणून तक्रार. जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडला 'आय' लावून चालवलं तर आयनोड (प्रत्येक फाइल किंवा फोल्डरमागे डिस्कवर लागणारी नोंद) शंभर टक्के संपलेले. फॉरमॅट करताना मीच हुशारी करून 'लार्जफाइल' पर्याय दिला होता, कारण आपल्या फाइली मोठ्या. त्यात दर १ एमबीमागे एकच आयनोड मिळतो, म्हणजे ४ टीबीच्या डिस्कवर साधारण ३८ लाख. त्यानंतर कॅटलॉगच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक चित्राची बारकी पिल्लं काढायला सुरुवात केली, बॅकअपच्या रोजच्या स्नॅपशॉटमध्ये (त्या दिवसाच्या प्रतीत) हजारो फोल्डर वाढत गेले, आणि वाटणी संपली. जुने स्नॅपशॉट उडवले, बॅकअप सुरू केला. सकाळपर्यंत चालेल.

पण बॅकअप अडला तर स्क्रिप्ट मला मेल करते! की करत होती?

८ जुलै, मंगळवार

मेल जात नव्हती. एप्रिलमध्ये ज्या खात्यातून मेल निघायची त्याचा पासवर्ड बदलला, तो राजगड आणि तोरणावर बदलायचा राहिला. बदलणारा मीच.

बॅकअप सकाळी पूर्ण झाला. नशीब म्हणायचं, कारण दुपारी राजगडवर सहज डिस्कच्या जोडीची स्थिती सांगणारी एमडीस्टॅटची फाइल उघडली. आपला आरसा दोन डिस्कचा (दोन्हींवर तेच लिहिलं जातं), तिथे चौकटी कंसात दोन यू दिसायला हवेत. एक यू आणि एक रेघ दिसली. म्हणजे जोडीतली एक डिस्क बाहेर. कर्नलच्या लॉगमध्ये तारीख सापडली, मेच्या अखेरीची. पावसात दोनदा दिवे गेले होते ती संध्याकाळ. आरशावर नजर ठेवणाऱ्या एमडीएडीएमनेसुद्धा तेव्हा मेल टाकली असणार, त्याच मेलेल्या खात्यातून.

तर हिशेब असा : १८ जून ते ७ जुलै आमचं सगळं काम एका डिस्कवर उभं होतं आणि बॅकअप नव्हता. ऑगस्टपासून दिवाळी अंकांची कामं येतात. काकांना हे तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "आता झालं ते झालं. पण तुला कळलं कसं नाही, ते मला सांग."

या प्रश्नाचं उत्तर म्हणून हा उद्योग.

१० जुलै, गुरुवार

नवीन डिस्क आली. बसवली, आरशात जोडली. ४ टीबी परत लिहायला साडेसात तास. तोवर राजगडकडे कोणी बघायचंही नाही अशी ताकीद दिली. काढलेल्या डिस्कचं स्मार्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, बघितलं : पाचव्या नंबरचा आकडा, म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, हजाराच्या वर. उरलेल्या डिस्कवर ५, १९७ आणि १९८ (सगळे खराब सेक्टरांचेच आकडे) तिन्ही शून्य. गुरुपौर्णिमा होती, त्या डिस्कलाच नमस्कार केला.

१२ जुलै, शनिवार

पहिला प्रयत्न, साधी बॅश स्क्रिप्ट. एक जुना मिनी पीसी घरी पडून होता, तो ऑफिसात नेला. नाव पर्वती. तिथून सगळं पुणं दिसतं म्हणून. क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) दर दहा मिनिटांनी तो एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, तिघांकडे जातो, जागा, आयनोड, लोड, आरसा एवढं विचारतो आणि एका फाइलीत उतरवतो. चाळीस ओळी. हाताने चालवली तर चालते, क्रॉनमधून चालवली तर अर्ध्या कमांड 'सापडत नाही'. क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तोकडा असतो हे मला दर दोन वर्षांनी नव्याने कळतं.

१६ जुलै, बुधवार

चार दिवस स्क्रिप्ट वापरली. आत्ता काय आहे ते सांगते, कालपासून काय बदललं ते सांगत नाही. डिस्क ७१ टक्के भरली म्हणजे काय? महिनाभर ७१ असेल तर झोपा काढा. काल ५० असेल तर पळा.

दुसरं, स्क्रिप्टच अडकली तर पुन्हा शांतता. राजगडकडे एसएसएच लटकलं आणि मागची पाच क्रॉन कामं एकावर एक साठली. मला काहीच कळलं नाही, कारण कळवायचं काम त्याच स्क्रिप्टचं.

मशीनवर नजर ठेवणारी तयार सॉफ्टवेअरं असतात. मित्र म्हणाला नागिऑस टाक. मी कॉलेजात असताना त्याच्या कॉन्फिग फाइली लिहिल्यात, परत नको. मुनिन सोपा आहे पण पाच मिनिटांनी एकदा बघतो आणि इशाऱ्यांच्या बाबतीत थोडा भोळा. प्रोमिथियस घेतो. डेबियनमध्ये तयार पॅकेज आहे.

२० जुलै, रविवार

आज बैठक मारून बसलो. प्रत्येक मशीनवर नोड एक्सपोर्टर टाकला. तो काही करत नाही, ९१०० पोर्टवर मशीनचे आकडे साध्या मजकुरात मांडून बसतो. पर्वतीवरचा प्रोमिथियस दर तीस सेकंदांनी जाऊन ते उचलून आणतो.

हे 'जाऊन आणणं' मला सगळ्यात आवडलं. आमचे शाळेतले मास्तर हजेरी घ्यायचे तसं. मुलाने येऊन 'मी आज आलो नाही' असं सांगायची गरज नसते, नाव पुकारल्यावर 'हजर' आलं नाही की खाडा. प्रोमिथियस प्रत्येक मशीनसाठी 'अप' नावाचा आकडा स्वतःच लिहितो, उत्तर आलं तर एक, नाही आलं तर शून्य. माझ्या जुन्या मेलच्या व्यवस्थेत आजारी मुलाने स्वतः उठून चिठ्ठी आणून द्यायची होती.

नोड एक्सपोर्टरला डीफॉल्टमध्ये पासवर्ड नसतो, समोर येईल त्याला सगळं सांगतो. म्हणून तो उघड्या इंटरनेटवर ठेवायचा नाही. ऑफिस आणि धायरी यांच्यात वायरगार्डचा बोगदा (खाजगी जोडणी, व्हीपीएन) टाकला, एक्सपोर्टर फक्त बोगद्यातल्या पत्त्यावर ऐकतो. माझा लॅपटॉपही त्यात जोडला.

दोन तास इथे गेले : बोगदा चालू व्हायचा, थोड्या वेळाने धायरीची दोन्ही मशीन गायब. मी धायरीहून पिंग केलं की परत हजर. प्रेसच्या राउटरवर नॅट आहे (आतल्या सगळ्या मशीनना बाहेर एकच पत्ता), बाहेर काही गेलं नाही तर तो जुनी वाट विसरतो, आणि पर्वतीची हाक आत पोचत नाही. धायरीच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद केलं, म्हणजे तेवढ्या वेळाने तिथून आपणहून हाक जाते. मिटलं.

जागेची भीती होती, पण चार मशीनचे मिळून चार-पाच हजार आकडे, दर तीस सेकंदांनी, तरी दिवसाला वीसेक एमबी. डीफॉल्ट पंधरा दिवस ठेवतो, ते नव्वद केले.

२२ जुलै, मंगळवार

बॅकअपचा इशारा आता उलटा लावला. 'बॅकअप फसला' असं कोणी सांगायचंच नाही. बॅकअप यशस्वी संपला की स्क्रिप्टची शेवटची ओळ त्या क्षणाची वेळ एका फाइलीत लिहिते, नोड एक्सपोर्टरचा टेक्स्टफाइल कलेक्टर ती उचलतो. ती वेळ २६ तासांपेक्षा जुनी झाली की बोंब. स्क्रिप्ट मरू दे, क्रॉन बंद पडू दे, आयनोड संपू देत, कारण काही असो, वेळ पुढे सरकणार नाही. फाइलच नाहीशी झाली तर त्यासाठी वेगळा नियम, कारण नसलेला आकडा २६ पेक्षा मोठा नसतो. हे हाताने फाइल उडवून बघितल्यावर कळलं.

फाइल थेट लिहायची नाही, आधी दुसऱ्या नावाने लिहून मग जागेवर हलवायची. नाहीतर अर्धवट लिहिलेली उचलली जाते.

इशारे टेलिग्रामवर. प्रोमिथियसचे इशारे पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजरला ते थेट येतं. पहिले मजकूर इंग्रजीत होते, काका वाचेनात. आता मराठीत : काय झालं, काय करायचं, कोणाला फोन. "तोरणा : बॅकअप २६ तासांत झाला नाही. कामं चालू ठेवा, जुन्या फाइली उडवू नका. मला कळवा."

२४ जुलै, गुरुवार

गुरुवार म्हणजे पेठेत दुरुस्तीसाठी वीज बंद. मुद्दाम काही केलं नाही, बघू म्हटलं पहारा काय सांगतो ते. दहा वाजता दिवे गेले, ऑफिसातून ताईंचा फोन आला. टेलिग्राम गप्प. अकरा, बारा, दोन, गप्पच. साडेचारला वीज आली, तरी गप्प.

संध्याकाळी जाऊन उलगडा केला. राउटर आणि फायबरचा डबा भिंतीच्या साध्या प्लगवर होते. वीज गेली त्याच क्षणी इंटरनेट गेलं. पर्वती यूपीएसवर जिवंत होता, त्याला बोगदा तुटल्याने धायरी मेल्यासारखी दिसली, तो बिचारा संदेश पाठवत राहिला आणि ते बाहेर जाईनात. मग यूपीएसही संपला. वीज आल्यावर उठून बघतो तर सगळे हजर, मग सांगायचं काय?

शिवाय यूपीएस म्हणत होता ३८ मिनिटं पुरेल. पुरला सात. म्हातारी माणसं वय सांगतात तसं.

२६ जुलै, शनिवार

सकाळी तापकीर गल्ली. यूपीएससाठी १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्या, आणि राउटर-फायबरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस. दुकानदाराने विचारलं, "कॅमेऱ्याला का?" म्हटलं, नाही, पहारेकऱ्याला. त्याने बिल 'कॅमेरा' म्हणूनच केलं.

राजगडवर नट (यूपीएसची स्थिती वाचणारं सॉफ्टवेअर) बसवलं, यूपीएसची यूएसबी त्याला. आता स्थिती कळते : ओएल म्हणजे लाइनवर, ओबी म्हणजे बॅटरीवर, एलबी म्हणजे आता आवरा. एलबी आलं की राजगड आणि पर्वती नीट बंद होतात, वीज तोडल्यासारखे नाही. प्रेसच्या यूपीएसलाही तेच, तिथे सिंहगड बघतो.

मुख्य बदल : सिंहगडवर दहा ओळींची स्क्रिप्ट, दर पाच मिनिटांनी पर्वतीच्या प्रोमिथियसला विचारते 'बरा आहेस का'. तीनदा उत्तर नाही तर ती धायरीच्या इंटरनेटवरून थेट मला कळवते. जुनी बॅश अशी कामाला आली. पर्वती धायरी बघतो, धायरी पर्वती बघते. दोन्हीकडे एकदम अंधार झाला तर मात्र मला कळणार नाही. तेव्हा वर्तमानपत्रातच येईल.

३१ जुलै, गुरुवार

वीज १०:०४ ला गेली. १०:०५ ला फोन वाजला. अकरा मिनिटांत सगळे रीतसर बंद, मग सिंहगडचा संदेश : "पर्वती उत्तर देत नाही." ऑफिसात सगळे वैतागलेले, मी एकटा खूश.

३ ऑगस्ट, रविवार

आता उलटा त्रास. आठवड्यात त्रेसष्ट संदेश, त्यातले कामाचे चार. बाकीचे कापायला बसलो.

लोड : रात्री दोनला राजगडचा लोड नऊवर जातो आणि मला उठवतो. लिनक्सच्या लोडमध्ये सीपीयूची वाट बघणारेच नाही, डिस्कची वाट बघत अडकलेलेही मोजले जातात. रात्री बॅकअप डिस्क घुसळत असतो, म्हणून नऊ. कोणाचं काही अडत नाही. लोडचा इशाराच काढून टाकला.

रॅम : "९५ टक्के भरली." मोकळी रॅम नाही, कारण लिनक्स उरलेल्या रॅममध्ये फाइली धरून ठेवतो, मागितली की देतो. बघायचा आकडा 'अव्हेलेबल'चा. तो बदलला, शांत झालं.

जागा : ९० टक्क्यांचा नियम निरर्थक. ४ टीबीवर दहा टक्के म्हणजे महिनाभराची बेगमी, ४० जीबीच्या रूटवर (खुद्द सिस्टिम राहते तो भाग) दहा टक्के म्हणजे एका लॉगची मस्ती. त्याऐवजी 'प्रेडिक्ट लिनियर' : गेल्या सहा तासांच्या उतारावर रेघ ओढायची, ती चोवीस तासांत शून्याला टेकत असेल आणि जागा पाव भागापेक्षा कमी उरली असेल तरच बोलायचं. दुसरी अट नंतर घातली, कारण एका अंकाचा चाळीस जीबीचा फोल्डर पडला की रेघ घाबरते.

आणि प्रत्येक नियमाला 'दहा मिनिटं सतत' अशी अट. एक उचकी लागली म्हणून डॉक्टर बोलवायचा नाही. यूपीएसच्या नियमाला मात्र ही अट नाही, तिथे दहा मिनिटांनी सांगून उपयोग काय?

काकांना आलेख हवे होते, म्हणून ग्राफाना टाकून ऑफिसातल्या टीव्हीवर लावला. पहिले दोन दिवस सगळ्यांनी बघितला. तिसऱ्या दिवशी टीव्हीवर क्रिकेट होतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ताईंच्या फाइली मधूनच 'दुसरं कोणीतरी वापरतंय' म्हणून उघडेनात. राजगडवर सांबाचा (विंडोज पीसींना फाइली पुरवणारं सॉफ्टवेअर) लॉग स्तर, म्हणजे किती बारीक लिहायचं ते, दहावर नेला, लॉगची मर्यादा काढली, दिवसभर बघितलं. एका पीसीवर कॅटलॉग सॉफ्टवेअर फाइल धरून बसत होतं. ते सेटिंग बदललं.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. ऑफिस बंद, मी कोथरूडला घरी. १:४० ला संदेश : "राजगड : रूट डिस्क चोवीस तासांत भरेल." आज नारायण पेठेत शिरणं म्हणजे मिरवणुकीचा भाग होणं, तेव्हा जे काय ते घरूनच.

बोगद्यातून आत गेलो. रूट ७८ टक्के. सांबाच्या लॉगच्या फोल्डरात एकच फाइल २१ जीबीची. १४ ऑगस्टला चढवलेला स्तर मी उतरवलाच नव्हता. त्या दिवशी मर्यादा 'शून्य' केली होती, आणि सांबाच्या लेखी शून्य म्हणजे अमर्याद. शुक्रवारी कोणीतरी एक पीसी चालू ठेवून गेलेलं, त्यावरचं कॅटलॉग सॉफ्टवेअर सेकंदासेकंदाला फोल्डर चाळत होतं आणि सांबा प्रत्येक श्वास लिहून ठेवत होता. एका दिवसात एवढं.

चोवीस तास हातात होते. तरी मी काय केलं, तर सरळ फाइल उडवली. डीएफ : ७८ टक्के. परत डीएफ : ७८. फाइलींची बेरीज करणाऱ्या डीयूने मोजलं तर रूटवर जेमतेम १० जीबी. एक म्हणतो भरली, दुसरा म्हणतो रिकामी. खिडकीतून लांबून ढोल ऐकू येत होते, त्यात हे.

मग आठवलं. फाइलीचं नाव उडालं म्हणून फाइल उडत नाही, कोणी तिला उघडून बसलं असेल तोवर ती डिस्कवर राहते. एलएसओएफला 'अधिक एल एक' देऊन विचारलं, की नाव नसलेल्या पण उघड्या फाइली दाखव. एक ओळ आली : एसएमबीडी (म्हणजे सांबाच), २१ जीबी, पुढे 'डिलीटेड'. ताईंच्या पीसीची सेवा करणारी प्रक्रिया भुताला हातात धरून अजून त्यात लिहीतच होती. फाइल न उडवता जागच्या जागी रिकामी केली असती तर हा तमाशा झालाच नसता.

स्तर उतरवला, मर्यादा घातली, सुट्टीचा दिवस म्हणून सांबा बेधडक रीस्टार्ट केला. डीएफ : २६ टक्के. २:२० वाजले होते. पर्वतीने आपणहून "राजगड : ठीक" असा संदेश टाकला, आणि मग मी जेवलो.

नियमांत एक भर : लॉगचं फोल्डर ५ जीबीच्या वर गेलं की कळव. आणि माझ्यासाठी एक : तात्पुरतं काही चढवलं तर उतरवायची आठवण त्याच वेळी फोनमध्ये लावायची.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तीन अंकांची पानं एकदम आली. राजगडवर आठवड्यात १८० जीबी वाढले, रेघ शांत. दिवे गेले, आले. लिहिण्यासारखं काही नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

पहिल्या अंकाच्या प्लेटा रात्री निघणार होत्या. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला : "धायरी : यूपीएस बॅटरीवर." धायरीत पाऊस असेल, वीज गेली असेल. पण प्रेसचा राउटर त्याच यूपीएसवर असला तरी प्लेटचं विंडोज मशीन यूपीएसवर नाही, वीज गेली तर ते बंद पडणार. ते मशीन पर्वतीला पिंगचं उत्तर देत होतं. म्हणजे वीज आहे.

रखवालदार मामांना फोन लावला.

"मामा, यूपीएसची पिन कोणी काढली का?"

बराच वेळ काही नाही. मग, "मोबाइल लावला होता जरा. तुला कोथरूडात बसून धायरीतला प्लग कसा दिसला?"

"लावा परत, आधी लावा."

खडखड ऐकू आली. २:१३ ला 'ओएल'.

"लागला," मामा म्हणाले. "पण मग माझा मोबाइल कुठे लावू?"

उद्या : तापकीर गल्लीतून एक एक्स्टेंशन बोर्ड, मामांच्या खुर्चीजवळ.